खडबडीत, मठारलेला की नॅनोरचित?

पुण्यात पाषाणला संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. सोन्या-चांदीच्या नॅनोस्ट्रक्चर्ड (मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापात घडवलेल्या) पृष्ठभागावर रेणू बसवून, रामन वर्णपटावरून, म्हणजे रेणूंनी विखुरलेल्या लेसर प्रकाशातल्या ओळखीच्या रेषांवरून, रासायनिक अभिक्रिया कशी पुढे सरकते ते पाहतात. मराठी लेखात या पृष्ठभागाला 'खडबडीत' म्हणावं का? आणि 'मॉनिटर करणे'साठी 'देखरेख' चालेल का?

'खडबडीत' नको, हे मी ठामपणे सांगेन. शब्दाला इतिहासाचा आधार आहे, हे खरं. १९७४ साली साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला आणि त्यावरच्या पिरिडिन या सेंद्रिय संयुगाचा ठळक रामन वर्णपट मिळवला. क्षेत्रफळ वाढलं, जास्त रेणू बसले, म्हणून संकेत वाढला, असं त्यांना वाटलं. १९७७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की वाढ लाखो पटींची आहे, नुसत्या क्षेत्रफळाने ती होणार नाही. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशासोबत हेलकावतात आणि अणकुचीदार टोकांशी, कणांमधल्या अगदी चिंचोळ्या फटींत विद्युत्क्षेत्र एकवटतं. सगळी करामत आकाराची आणि अंतराची. 'खडबडीत' लिहिलं की मागे पडलेलं स्पष्टीकरण वाचकाच्या डोक्यात पुन्हा शिरतं.

आपल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडं मठारतात, तेव्हा ठोक्याशेजारी ठोका बेतून पडतो आणि तांबं कणखर होतं. हेतूने घडवलेला पृष्ठभाग म्हणजे काय, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण संज्ञा म्हणून 'मठारलेला' घेतलं तर वाचकाला डोळ्यांनी दिसणारे ठोके आठवतील. 'नॅनोरचित पृष्ठभाग' लिहा. 'नॅनो'साठी 'अब्जांश' हा शब्दही आहे, पण 'नॅनो' आता घरोघरी पोचलाय.

'देखरेख' मुकादमाची, तिच्यात अधिकार येतो. इथे 'मागोवा घेणे' नेमकं बसतं. पॅरा-नायट्रोथायोफिनॉल या रेणूचं पाहा: वर्णपटात त्याच्या नायट्रो गटाची, प्रति सेंटीमीटर १३३५च्या आसपासची रेषा मंदावत जाते आणि अझो बंधाच्या (दोन रेणू नायट्रोजनांनी जोडले गेल्याच्या) १४४० जवळच्या रेषा वर येतात. मात्र ही अभिक्रिया धातूवर पडणाऱ्या लेसरमुळेच सुरू होऊ शकते. तेव्हा 'मागोवा' लिहाल तिथेच लेसरची शक्ती किती होती आणि प्रकाश बंद ठेवून काय दिसलं, हेही लिहा.