निकाल सांगितला, निकालपत्र नाही; अपिलाची मुदत मात्र सुरू

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातले. वडील (वय ४३) ऊसतोडीला गेले असताना ट्रॅक्टर अपघातात वारले. आई आणि आम्ही तीन भावंडं असा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात होता. ६५ दिवसांपूर्वी 'दावा अंशतः मंजूर' असं सांगून रक्कम जाहीर झाली. ती फारच कमी आहे. कारणांसह निकालपत्र अजून टाइप होतंय म्हणतात. ते हातात आल्यावर नक्कल काढून अपिलाचं बघू, असं ठरवलंय. चालेल का?

उत्तर : नाही. उद्याच नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या. निकालपत्र तयार नसलं तरी अर्ज देता येतो, आणि तुमचं सगळं त्या अर्जाच्या तारखेवर अवलंबून आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे निवाड्यापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे तुमच्यासाठी औरंगाबाद खंडपीठात, अपील करावं लागतं. मुदत कायद्याचं कलम १२ नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा करू देतं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात खरी मेख आहे : नकलेचा अर्ज येण्याआधी कोर्टाने आदेश तयार करायला घेतलेला वेळ वजा होत नाही. म्हणजे तुमचे ६५ दिवस गेलेच. उरलेले २५ अर्ज देऊनच वाचतील.

नकलेच्या शेवटच्या पानामागे शिक्का असतो : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. नक्कल तयार होऊनही तुम्ही आणायला गेला नाहीत, किंवा फी भरायला उशीर केलात, तर ते दिवस वजा होत नाहीत, तुमच्या मुदतीतूनच जातात. म्हणून चौकशी चालू ठेवा. निकालाच्या तारखेच्या रोजनाम्याचीही (कोर्टाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीची) नक्कल मागा. त्या दिवशी काय जाहीर झालं याचा तोच पुरावा.

सोबत न्यायाधिकरणाकडे लेखी अर्ज करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८(२) प्रमाणे निवाड्याची प्रत १५ दिवसांत पक्षकारांना द्यायची असते, हे त्यात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यानेही हललं नाही, तर प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे निवेदन द्या. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२० मध्ये नुसता आदेश जाहीर केला आणि कारणं ऑक्टोबरमध्ये दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बालाजी मुपडे प्रकरणात तो आदेश रद्द करून फेरसुनावणीला पाठवला होता. निवेदनात याचा उल्लेख जरूर करा.

कारणं का हवीत? नुसत्या रकमेवरून कात्री कुठे लागली ते कळत नाही. ४३ व्या वर्षी गुणक (वार्षिक उत्पन्नाला गुणायचा आकडा) १४ लागतो, मजुराच्या उत्पन्नात भावी वाढीचे २५ टक्के धरतात, चार अवलंबित असतील तर मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक-चतुर्थांश वजा होतो. उचलीच्या (मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेच्या) नोंदी असूनही मजुरी कमी धरली का, वडिलांवर निष्काळजीपणाचा वाटा टाकला का, हे निकालपत्रातच दिसेल. अपिलाचे मुद्दे तिथूनच निघतात.

विमा कंपनीने निवाडा जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरायची असते, कलम १६८(३). भरली नसेल तर प्रत मिळताच वसुलीची दरखास्त टाका. अपिलासाठी ती अडवून ठेवू नका.

९० दिवस उलटलेच, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. तिथे अर्जांच्या पोचच कामाला येतील. आणि कंपनीनेच अपील केलं, तर नोटीस बजावल्यापासून महिनाभरात तुम्हाला त्यातच रक्कम वाढवून मागणारा प्रतिआक्षेप दाखल करता येईल.