नऊ महिन्यांचं बाळ अंगावर पिताना चावतं. दूध तोडावं का?

नाही ताई, एवढ्यासाठी दूध तोडू नका. तुम्ही लिहिलंय की खालचे दोन दात आलेत आणि आता त्याला जवळ घ्यायचीच भीती वाटते. ती भीती मी चांगली ओळखते. माझ्या लेकीचे दात तांदळाच्या कणीएवढे होते, पण पहिल्यांदा चावली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तही आलं. पुढचे चार दिवस तिनं तोंड उघडलं की माझे खांदे आपोआप आखडायचे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. बाळ खरोखर पीत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर आलेली असते, त्यामुळे दूध ओढता ओढता त्याला चावता येत नाही. चावा बसतो तो पिणं थांबल्यावर. पोट भरलेलं असतं, झोप लागत आलेली असते, नाहीतर लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. आमचं घर इंदूरला राजवाड्याजवळ. रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे ढोल वाजले आणि हिनं तोंडातलं न सोडता मान खिडकीकडे वळवली. तो चावा सगळ्यात वाईट होता. तेव्हापासून दिवसा मी आतल्या खोलीत, दार लोटून पाजायला लागले.

आणि तिचा जबडा बघायला शिकले. गिळण्याचा आवाज मंदावतो, जबडा थांबतो, जीभ मागे सरकते. तेवढं दिसलं की करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवायची, पकड सुटते. चावलंच तर ओढून काढू नका, ओढण्यानं जखम वाढते. उलट क्षणभर बाळाला आणखी छातीशी घ्या, श्वासासाठी ते स्वतःच तोंड उघडतं. मग शांतपणे 'चावायचं नाही' म्हणून थोडा वेळ पाजणं थांबवा. मी एकदा जोरात किंचाळले, तर लेक इतकी दचकली की संध्याकाळपर्यंत अंगावर घेईना.

दुखऱ्या जागी आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यायचे. छातीत गाठ, लाली किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टरांकडे लगेच जा.

शेजारच्या काकूंनी कडुलिंबाचा पाला वाटून लावायला सांगितला होता, म्हणजे आपोआप सुटेल. मला ते पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते, मग नवव्या महिन्यात दोन दातांसाठी का सोडायचं?

तुमचं बाळ तोंड लावल्या लावल्याच चावतं का, तेही बघा. तसं असेल तर हिरड्या शिवशिवत असतील, नाहीतर सर्दीनं नाक चोंदलं असेल. पाजण्याआधी फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं सुती फडकं चावायला द्या. हिरड्या बधिर करणारं जेल लावू नका, बेंझोकेन असलेलं तर दोन वर्षांखाली अजिबात नाही. आणि बाळानं मोठा 'आ' केल्यावरच जवळ घ्या, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा.

माझी लेक आता दीड वर्षाची आहे. बारा दात आलेत आणि रात्री अजून पिते.