मेट्रोनोमवर स्पीड ९० लाच अडकलाय, काय करू?

प्रश्न: दादा, मी सेकंड इयरला आहे, इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. मेजर स्केल एका तारेवर तीन नोट्स असं वाजवतो, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने क्लिक देणारं यंत्र) ९० ला ठेवून एका क्लिकला चार नोट्स नीट येतात पण १०० केलं की सगळं घसरतं. बँडमधला मित्र म्हणतो तो १८० ला वाजवतो, म्हणजे माझ्या दुप्पट फास्ट का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी त्याला विचार, एका क्लिकला किती नोट्स? दोनच असतील तर मिनिटाला ३६० झाल्या, आणि तुझ्या ९० गुणिले चार, त्याही ३६०च! बीपीएम म्हणजे मिनिटाला बीट किती, बस्स, ६० म्हणजे सेकंदाला एक, त्या बीटमध्ये तू किती नोट्स बसवतोस तो हिशोब वेगळा. तबलावाले लय तीच ठेवून दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट बोल) करतात ना, तेच. ६० वर न थांबता एका क्लिकला एक, मग दोन, तीन, चार नोट्स आणि परत उलटं येऊन बघ, चारवरून तीनवर येताना भलेभले गडबडतात.

आता तुझं १०० चं दुखणं. आधी एकाच तारेवर १०० ला वाजव. तिथे जमलं तर हात स्लो नाहीये, तार बदलताना अडतंय. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर डाऊन-अप-डाऊन (खाली-वर-खाली) झालं की पिक (तार छेडायची पट्टी) सहाव्या आणि पाचव्या तारेच्या मधे असतं, आणि पुढची नोट अपस्ट्रोक, म्हणजे पाचवी तार ओलांडून पलीकडे जायचं आणि मग वर यायचं, ही उडी मोठी झाली की संपलं. म्हणून अख्खं स्केल घासत बसू नकोस, सहावीच्या शेवटच्या दोन नोट्स आणि पाचवीच्या पहिल्या दोन एवढंच घे, पिकचं टोक बोटांतून जेमतेम बाहेर ठेव, आणि तो तुकडा ७० पासून चढव.

सोबत छोटे बर्स्ट कर. क्लिक १२० ला लाव, एका क्लिकमध्ये चारच नोट्स मार, पुढच्या क्लिकवर एक नोट वाजवून थांब, हात सैल सोड, मग परत. फास्ट वाजवताना हात कसा हलतो ते हळू वाजवून कळतच नाही रे, म्हणून रोज नुसतं ५-५ ने वाढवणं मला पुरेसं वाटत नाही. मनगट दुखलं तर मात्र लगेच बंद.

१०० बसलं की मेट्रोनोम ५० ला ठेव आणि ते क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर धरून (म्हणजे स्पीड १००च राहील) तेच स्केल वाजव, कुठे पळतोयस ते लगेच ऐकू येईल.