'संगत उंची'मधली संगत कोणाची?

एका पालकांनी विचारलंय की दहावीच्या भूमितीत, दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे त्यांच्या पाया आणि संगत उंची यांच्या गुणाकारांच्या गुणोत्तराएवढं असतं, असं वाक्य येतं त्यातला 'संगत' काढून टाकला तर काय बिघडतं, उंची ती उंची. आणि हा शब्द 'वाईट संगत लागली' मधलाच का?

आधी दुसऱ्याचं उत्तर. मूळ एकच, सम् + गम्, म्हणजे एकत्र येणं, पण शब्द दोन आहेत. 'वाईट संगत' किंवा 'तबल्याची संगत' मधलं नाम संगतीवरून आलंय, ती संगत. भूमितीतलं संगत हे विशेषण आहे, सुसंगत-विसंगतमध्ये जे दिसतं ते, म्हणजे जुळणारं, जोडीचं.

आता 'काढलं तर काय बिघडतं'. खूप बिघडतं, आणि काटकोन त्रिकोणातच जास्त बिघडतं असं माझं मत आहे. भाचीला शिकवताना जाड कार्डशीटचा ३, ४, ५ सेमी बाजूंचा त्रिकोण कापला होता. ३ च्या बाजूवर उभा केला की उंची ४, हे तिला लगेच पटलं कारण पुस्तकात चित्र तसंच असतं. मग तोच कर्णावर आडवा ठेवला आणि विचारलं आता पाया किती, म्हणाली ५, उंची? ४! कारण "उंची ४ च होती ना मघाशी". पट्टी लावून मोजलं तर काटकोनाच्या टोकापासून खाली कर्णापर्यंत २.४ सेमी भरलं. ५ गुणिले २.४ बारा, ३ गुणिले ४ पण बारा, निम्मं केलं की क्षेत्रफळ ६, त्रिकोण कसाही फिरवा. पण ५ ची जोडी ४ शी लावली तर १० येतं आणि शेजारी काटकोनाच्या बाजू २ आणि ८ असलेला त्रिकोण ठेवला, ज्याचं क्षेत्रफळ ८ आहे, तर लहान त्रिकोण मोठा ठरतो. नुसता आकडा चुकला असता तर एकवेळ चाललं असतं, इथे तुलनाच उलटी झाली. म्हणून 'संगत'. जो पाया धराल त्याच पायाच्या जोडीची उंची.

माझ्या मते खरा घोळ 'पाया' या शब्दात आहे. घराचा पाया खालीच असतो, त्यामुळे मुलं कायम खालची आडवी बाजू शोधतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत पायाला 'भूमी' म्हटलंय आणि उंचीला 'लंब', भूमीचं निम्मं गुणिले लंब म्हणजे त्रिकोणाचं 'फल' (आपलं क्षेत्रफळ त्यातलंच). भूमी म्हटली तरी ती खालीच वाटते हे खरं, पण काटकोन त्रिकोणाबद्दल त्यांनी फार छान सांगितलंय, की काटकोनाच्या बाजूंपैकी हवी ती एक भुज धरा, तिच्याशी काटकोन करणारी दुसरी ती कोटी. म्हणजे निवड तुमची, पण एक निवडली की दुसरी आपोआप ठरली. संगतचा अर्थ यापेक्षा चांगला मला तरी सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना मुद्दाम सांगायला हवी. समरूप त्रिकोणात 'संगत भुजा' म्हणतो तेव्हा जोडी या त्रिकोणातली एक बाजू आणि त्या त्रिकोणातली एक अशी असते. 'संगत उंची'त जोडी एकाच त्रिकोणाच्या आतली, पाया आणि उंचीची. शब्द तोच, पण संगत कोणाशी हे दर वेळी बघावं लागतं, आणि दोन्ही एकाच धड्यात येतात त्यामुळे हुशार मुलंही इथे अडकतात.

जाता जाता, उंची समान असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर 'पायांच्या गुणोत्तराएवढं' असतं, हे वाचून वर्गात हमखास कुणीतरी हसतं. त्यात मुलांची चूक नाही, पाया आणि पाय दोन्हींचं अनेकवचनी सामान्यरूप 'पायां' असंच होतं. मी शिकवताना 'दोन्ही पायाच्या बाजूंचं गुणोत्तर' असं म्हणते, लांब होतं पण कळतं.