कोळ्यांचं समुद्राचं पारंपरिक ज्ञान विज्ञानाच्या कसोटीवर टिकतं का?

टिकतं, आणि ते घरबसल्या तपासता येतं. कोकण-मुंबई किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी.

यामागे चंद्राची गती आहे. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. एका तिथीमागे हा उशीर 48 मिनिटांचा पडतो, आणि कोळ्यांनी धरली पाऊण तास, 45 मिनिटं! फरक अर्ध्या-पाऊण तासाचा पडू शकतो, शिवाय प्रत्येक खाडीची वेळ थोडी वेगळी. त्यामुळे मोठं जहाज बंदरात आणायला छापील कोष्टकच हवं.

उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचंही तसंच. अष्टमीच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात येते, पाणी कमी चढतं.

सरकारी पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. जुन्या रीतीत कोळी नारळी पौर्णिमेनंतरच होड्या समुद्रात घालत, आणि ती बहुधा ऑगस्टात येते. माशांच्या वाढीसाठी मला जुनी रीतच जास्त शहाणी वाटते.