‘चावडी’ म्हणजे नेमके काय, आणि ती पार किंवा कट्टा यांहून वेगळी कशी?

चावडी म्हणजे मुळात गावाच्या सरकारी कामकाजाची जागा. पाटील आणि कुलकर्णी तेथे बसत, सारा तेथेच भरला जाई, भांडणाची दोन्ही बाजूंची माणसे तेथेच बोलावली जात, आणि ज्यांचे काम नसे तेही ऐकायला येऊन बसत. गप्पांची जागा हा आजचा रूढ अर्थ या बसण्यातूनच आला असावा, असे मला वाटते. पाराला असा अधिकार नव्हता. पार म्हणजे वडापिंपळाच्या बुंध्याभोवती बांधलेला दगडी ओटा, जेथे सावलीला कोणीही टेकावे. कट्टा हा शब्द आज शहरी तरुणांच्या तोंडी अधिक आहे, आणि दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण ठरेल.

चावडीचा मूळ अर्थ मात्र संपलेला नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 यातील कलम 150 नुसार तलाठ्याने फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची, नोंद घेतली, की तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते, आणि ज्या गावात चावडीच नाही, तेथे जिल्हाधिकारी ठरवतील ती जागा चावडी मानली जाते. गावकऱ्यांसमोर सात-बाराच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवणे, म्हणजे ‘चावडीवाचन’, हा शब्दही महसूल खात्यात रुळलेला आहे. म्हणून ‘चावडीवरच्या गप्पा’ हा प्रयोग चुकीचा नसला, तरी सरकारी कागदात ‘चावडी’ दिसल्यास तिचा अर्थ गप्पांची जागा असा घेऊ नये.