खून कोणी केला हे ठाऊक असूनही धडधडतं, तो थ्रिलर

तुमचे दोन प्रश्न आहेत: थ्रिलर सिनेमात हमखास दिसणाऱ्या गोष्टी कोणत्या, आणि रहस्यपट म्हणजेच थ्रिलर का? दुसऱ्यापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

रहस्यपटात खुनी कोण हे शेवटपर्यंत आपल्यापासून लपवतात. थ्रिलरमध्ये बरेचदा आपल्याला सगळं ठाऊक असतं, पडद्यावरच्या माणसांना नसतं. थ्रिलरसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत हेच समजावलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि वर गप्पा चालल्यात. प्रेक्षकाला बॉम्बची कल्पना नसेल, तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंद टिकतो. कल्पना असेल, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो.

निशिकांत कामत यांचा हिंदी 'दृश्यम' (२०१५) घ्या. गोव्यातला चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर. त्याच्या घरात काय घडलं ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं, लपवलेलं काही नाही. मग तो बसची तिकिटं, हॉटेलचं बिल जपून ठेवतो, भेटेल त्याच्या डोक्यात २ ऑक्टोबर ही तारीख पक्की बसवतो. पोलीस धाकट्या मुलीकडे वळतात तेव्हा प्रश्न एकच उरतो: ही पोर बोलून जाईल का? समोर एक आई आपल्या मुलाचा शोध घेतेय, हे कळत असूनही आपण साळगावकरांच्याच बाजूने उभे असतो. मला हे फार मोठं वाटतं.

नायक साधा माणूस असणं, हा संकेतही यातूनच येतो. कमांडोची काळजी कोण करणार? हिचकॉकच्या 'रिअर विंडो'त (१९५४) तर फोटोग्राफर नायकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. समोरच्या संशयिताच्या घरात त्याची मैत्रीण शिरलीय, तो माणूस परत येतोय, आणि याला खिडकीतून नुसतं बघत बसावं लागतं. बंदिस्त जागा आणि अडकलेला माणूस, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे.

बाकी घड्याळाचा काटा, विश्वास न ठेवणारे पोलीस, ऐनवेळी गेलेलं मोबाइलचं नेटवर्क हे नेहमीचंच. नेटवर्कचा मला आता कंटाळा आलाय, तो लेखकाचा आळस आहे. शेवटच्या धक्क्याशिवायही थ्रिलर उत्तम होतो, हे मात्र आवर्जून सांगतो. 'दृश्यम' मी चार वेळा पाहिलाय. त्या धाकटीच्या चौकशीला अजूनही तळहाताला घाम येतो.